वाऱ्याला गाव विचारणारा

वाऱ्याला त्याचं गाव विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो माझा मेव्हणा. निजामाच्या अमलात तो जुन्या जालन्यात एका दवाखान्यात कंपाउंडर होता. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं त्याच्या डोक्यात भरवलं, की हवेत ओझोन नावाची चीज असते आणि तिनं छाती साफ होते. खळ आणि औषध लावलेली कागदाची पट्टी वाऱ्यात टांगायची. ओझोन असला की ती निळी पडते. झालं. ह्यानं दवाखान्याच्या खिडकीला, टांग्याच्या दांडीला, जिथं जागा दिसेल तिथं पट्ट्या बांधल्या. अंबडकडं आमच्या गावी आला की गोठ्यालाही बांधायचा. एकदा खळीच्या वासानं शेळीनं पट्टी खाल्ली, तर हा दिवसभर तिची जीभ बघत फिरला.

"दाजी, ओझोन काही आपल्या शिवारात पिकत न्हाई," तो मला समजवायचा. "वरच्या आभाळातून उतरतो. वारा आणील तितकाच आपला." वारा जालन्याच्या जिनिंगच्या धुराड्यांवरून आला की पट्टी कोरी, वळीव पडून गेल्यावर डोंगराकडून आला की निळी.

माझ्या बायकोला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, दमा जडला आणि हा रजा काढून आमच्याकडं येऊन बसला. वारा फिरला की हा तिची खाट फिरवायचा, ओट्यावरून अंगणात, अंगणातून चिंचेखाली. दुसरं टोक माझ्या हातात. "मला जत्रंत हिंडवून राह्यलास का रे?" ती धापा टाकत हसायची. मी एकदा वैतागून म्हणालो, पुरे कर आता. तो म्हणाला, "आक्काला हवा मिळंस्तोवर पुरे न्हाई."

मंग वाराच पडला. तिच्या उशाशी टांगलेली पट्टी रोज कोरी. ह्याचं जेवणावरचं मन उडालं. ताट तसंच परत जायचं, आणि ती पडल्या पडल्या ते बघायची. एका सकाळी पट्टी निळी निघाली. हा धावत तिच्याजवळ गेला. तिच्या बोटाला धोतरांना घालायची नीळ लागली होती. मी पाहिली, त्यानंही पाहिली. ओझोनचा रंग कोणता न् नीळ कोणती, हे त्याला बराबर कळत होतं. "वारा फिरला, आक्का," म्हणाला, आणि तिच्यासमोर बसून पोटभर भाकरी खाल्ली.

खरा वारा फिरायच्या आत ती गेली.

पट्ट्या त्यानं बंद केल्या. पण अजूनही आमच्याकडं आला आणि डोंगराकडून गार वारा सुटला, की तो उठतो, तिच्या खाटेचं एक टोक धरतो. मला ओझोन अजून कळला न्हाई. खाट एकट्यानं उचलवत न्हाई, म्हणून मी दुसरं धरतो.