कारखान्यात शिकलेलं ऐकणं

दोन्ही कानांच्या नसांवर गाठी, शिवाय पाठीच्या कण्यालगत आणखी बारीक गाठी. मुंबईच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी भिवंडीतल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाची बाई होते. "कॅन्सर नाही, पण या वाढत राहणार," ते म्हणाले. "सगळ्या काढत सुटायचं नाही. दरवर्षी तपासायचं, गरज पडेल तिथेच हात लावायचा." उजवी गाठ मोठी होती, ती काढली. तिच्याबरोबर उजवा कान गेला. डावा किती वर्षं टिकेल, कुणीच सांगेना.

माझा सगळा जीव वर्गात. ठार बहिऱ्या बाईला वर्गावर कोण ठेवणार? दोन दिवस नुसती रडले. तिसऱ्या दिवशी रडायचाच कंटाळा आला.

आमच्या भिंतीला लागून शेजारच्या काकींचा कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. त्यांच्याकडे रडगाणं गायला गेले, तर म्हणाल्या, "ऐकू न्हाय आला तं काय झाला? आमचे कारखान्यान कोनाला ऐकू येतं? तरी दिसभर बोलतान ना सगली!"

खरंच की! लूम चालू असले की शेजारी तोफ डागली तरी कळू नये. आणि कामगार मात्र दोन लूम पलीकडच्याची खुशाल टिंगल करायचे, नुसते ओठ हलवून. मग शाळा सुटली की रोज अर्धा तास मी तिथे, डाव्या कानात कापसाचा बोळा घालून. उत्तर प्रदेशातून आलेले एक वयस्कर चाचा माझे गुरुजी. "दीदी, कान छोड़ो, मुँह देखो," एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. मी चुकले की ते कपाळावर हात मारून घ्यायचे. पोरांवर डाफरणारी मी, तिथे सगळ्यात ढ!

वर्षभरात छान जमलं. ऐटीत बोळा घालून वर्गात प्रयोग केला, तर भोपळा! मी ओठ शिकले होते हिंदी आणि पोरं बोलत होती मराठी. "बाई, पाणी प्यायला जाऊ?" एवढंही कळेना. घरीही बोळा घालून वावरायची, तेव्हा नवऱ्याला सांगितलं, मराठी ओठ जमेपर्यंत माझ्याशी हिंदीतच भांड. तो बिचारा 'का' आणि 'की'मध्ये अडकायचा, तोवर भांडण मी जिंकलेलं असायचं. शेवटी काकींना समोर बसवून मराठी ओठ नव्याने गिरवले. त्यांच्या तोंडाला तशीही विश्रांती नसे.

सात वर्षं डावी गाठ सांभाळली. दरवर्षी फाईल काखोटीला मारून मुंबई. हाताला मुंग्या आल्या, चालताना तोल गेला, की लगेच डॉक्टरांच्या कानावर घालायचं. अंगावर काढायचं नाही. मग ती मेंदूवर दाबायला लागली, तेव्हा ऑपरेशनची तारीख मीच मे महिन्यातली मागून घेतली. जूनमध्ये वर्गात उभी राहिले ती ठार बहिरी होऊन. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

आठवड्याभरात मुख्याध्यापकांनी माझं शिकवणं तपासायला शिक्षण खात्यातल्या वरच्या साहेबांना बोलावलं. दोघे वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभे राहिले. साहेबांनी एका मुलीला धडा वाचायला लावला. तिने मध्येच अख्खी ओळ गाळली. "मागे जा, ओळ राहिली," मी म्हटलं. साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकले.

मग ते मुख्याध्यापकांकडे वळून हळूच काही बोलले. मिशीमुळे अर्धं निसटलं, पण उरलेलं पुरेसं होतं. "बिचारी... ऑफिसात बसवा... टपाल बघेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, मी बिचारी नाही. आणि टपाल दुसरं कुणीही बघेल. हा वर्ग माझा आहे."

आवाज किती चढला, मला कळायला मार्ग नव्हता. पोरं मात्र भांबावून एकदा माझ्याकडे, एकदा मागे बघायला लागली. एवढे चाळीस धडधाकट कान वर्गात, पण साहेब काय बोलले ते एकालाही ऐकू गेलं नव्हतं.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. ते बाकांमधून चालत पुढे आले, माझ्यासमोर उभे राहिले, मिशी बोटांनी वर सारली आणि सावकाश म्हणाले, "चुकलो, बाई. चालू द्या."