आडवी डहाळी

माझी मुलगी थंड मुलखात राहते. आमच्याकडे होळी झाली की माठ बाहेर निघतात, तेव्हा तिच्याकडच्या डोंगरावर अजून गुडघाभर बर्फ असतो. पाय रुतू नयेत म्हणून ती बुटांखाली रॅकेटसारखे रुंद तळ बांधते आणि त्या बर्फावरून एकटीच फिरायला जाते. निघताना मला एक फोटो पाठवते, परत गाडीपाशी पोचली की दुसरा. पहिल्या वर्षी मी कौतुकाने पाहिले. मग कंटाळा आला. सगळं पांढरं आणि मधोमध हिचं लाल झालेलं नाक. असते एकेकीला दाखवायची हौस, असं म्हणून मी ते फोटो उघडणंच सोडून दिलं.

एकदा फोनवर तिला ऐकवलंही, की एकटं फिरायला बर्फच कशाला हवा? आमच्या सातपुड्यात फाल्गुनात सागाची पानं पडतात, त्यांच्यावरून चालून दाखव. बोलायला बोलून गेले आणि ते माझ्याच डोक्यात बसलं. मी एकसष्ट वर्षांची, शहाद्याला राहणारी निवृत्त मुख्याध्यापिका. माहेर सारंगखेड्याकडचं, तापीकाठच्या सपाट जमिनीवरचं; चढ-उताराशी माझा संबंध नदीत उतरण्यापुरता. पण एकदा मनाने घेतलं की मला गप्प बसवत नाही. मार्चच्या शेवटी एका सकाळी पहिल्या जीपने तोरणमाळ गाठलं. बेत साधा होता: पठारावरून पायवाटेने खाली पाड्यापर्यंत उतरायचं आणि दुपारच्या जीपने घरी यायचं. मुलीला कळवलं नाही. कळवलं असतं तर तिने सूचनांची यादीच पाठवली असती, आणि याद्या करायचं काम आमच्या घरात माझं आहे.

वर टपरीवर चहा घेतला. टपरीवाला आमच्याच भागातला निघाला. माझ्या हातातली काठी पाहून त्याने विचारलं, "एखलीच जाई ऱ्हायनी का बाई? मांगे कोनी शे का?"

मीही अहिराणीतच म्हटलं, मागून कोनी नही, मी एखलीच शे. त्याने वाट कुठून फुटते ते दाखवलं आणि दोन फाटे लागतील एवढं सांगितलं. फाट्यावर काय बघायचं ते सांगितलं नाही. ते सांगावं लागतं हे त्याच्या डोक्यातही आलं नसणार.

सागाचं वाळलेलं पान म्हणजे मोठ्या ताटाएवढं. अशी पानं एकावर एक पडून सगळा उतार झाकला गेला होता. वरचं पान खालच्यावरून सरकतं आणि आपण दोघांवरून. पहिल्या पंधरा मिनिटांत मी दोनदा बसले, म्हणजे पडले. मुलीसारखं काहीतरी रुंद पायाला बांधून आले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं आणि त्या वाटण्याचा रागही आला. मग जमत गेलं. काठी आधी रोवायची, पाय आडवा टाकायचा, घाई करायची नाही. झाडं उघडी, ऊन सरळ अंगावर, आणि कुठूनतरी मोहाच्या फुलांचा गोड, जरासा आंबूस वास येत होता. मला फार बरं वाटत होतं. कोणाची हजेरी नाही, कोणाला गप्प करायचं नाही.

पहिल्या फाट्यावर डावीकडच्या वाटेत जांभळाची एक हिरवी डहाळी आडवी पडलेली होती. मला जायचं होतं उजवीकडे. तरीही चार पावलं डावीकडे जाऊन मी ती उचलली आणि उताराकडे भिरकावली. तेहतीस वर्षं शाळेच्या आवारात मी हेच केलं आहे. वाटेत काही पडलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. दुसऱ्या फाट्यावर पुन्हा तसंच, या वेळी रुंद वाटेवर. शेळ्यांना पाला तोडून टाकतात आणि उचलायची अक्कल नसते, असं मोठ्याने म्हणत मी तीही झुडपात टाकली. अरुंद वाट सोडून रुंद वाटेने निघाले, कारण शहाणा माणूस रुंद वाटेने जातो.

त्या वाटेने अर्धा तास उतरल्यावर जमीन सपाट झाली आणि समोर पानांचा मोठा ढीग दिसला. मी काठी रोवायला पुढे केली, तेवढ्यात खालून बाईचा आवाज आला.

"थांबा बाई. तिथंच थांबा."

मी थांबले. काठीने ढीग ढकलून पाहिला तर पानं सरळ खाली गेली. पावसाळ्यात तिथे धबधबा पडत असणार. आता कोरडा कडा होता, दोन पुरुष उंच, आणि वाऱ्याने त्याच्या काठावर पानं साचवून जमीन कुठे संपते तेच झाकून टाकलं होतं. मी तिथेच खाली बसले.

कड्याखाली मोहाची पाचसहा झाडं होती. एक तरुण बाई टोपली बाजूला ठेवून वर बघत होती. एका झाडाला झोळी बांधलेली, तिच्यात मूल झोपलेलं. ती आश्रमशाळेत शिकलेली असावी, मराठी स्वच्छ बोलत होती. तिने विचारलं, या वाटेवर डहाळी नव्हती का? मी म्हटलं, होती, मी काढून टाकली.

तिने मान उंचावून माझ्या मागच्या वाटेकडे पाहिलं.

"आणि वरच्या फाट्यावरची?"

"तीही."

मग तिने सांगितलं. नवरा गुजरातेत कामाला गेलेला. घरात ती आणि सासू. फुलं वेचायला ही पहाटे निघते, सासू घरचं आवरून भाकर घेऊन मागून येते आणि मूल सांभाळते. मोहाची झाडं दोन ठिकाणी आहेत, एक दिवस इकडची, एक दिवस तिकडची. म्हणून पुढे गेलेलीने नको असलेल्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायची. मागून येणारीने ती बघून वाट धरायची. सासूला डोळ्यांनी कमी दिसतं, पण एवढं दिसतं. वरच्या फाट्यावरून ती डावीकडे गेली तर पार लांबच्या झाडांकडे जाणार, तिथे पाणी नाही, माणूस नाही. खालच्या फाट्यावरून चुकली तर इथे येणार.

इथे म्हणजे मी बसले होते तिथे. पानांचा ढीग माझ्या पायाशी होता.

मुलाला घेऊन वळशाच्या वाटेने चढायला तिला फार वेळ लागला असता, आणि सरळ कडा चढायला वाट नव्हती. मीच म्हटलं, मी जाते. तिने नको म्हटलं नाही.

उतरताना अर्धा तास लागलेली वाट चढायला किती लागली ते मी पाहिलं नाही. दोन पावलं वर, एक खाली. मला माझाच इतका राग आला होता की दम लागल्याचंही कळत नव्हतं. आजी, ओ आजी, अशा हाका मारत होते. नाव विचारायचंही सुचलं नव्हतं. दुसऱ्या फाट्याशी पोचले. वाटेत कोणी भेटलं नव्हतं, म्हणजे ती या बाजूला आली नव्हती, एवढं डोक्याला पटत होतं. तरी मी पुन्हा एकदा हाक मारली. झुडपात हात घालून मी ती डहाळी काढली. पानं मलूल झाली होती. वाटेवर आडवी ठेवली, वारा नको म्हणून वर दगड ठेवला आणि पुढे निघाले.

म्हातारी पहिल्या फाट्यावर होती. दोन्ही वाटा जिथे फुटतात तिथे बरोबर मध्यावर, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसलेली. माझा जीव भांड्यात पडला. जवळ गेले तर ती रडत होती. आवाज नाही, नुसती डोळ्यांना धार. वाट चुकली म्हणून घाबरली असेल असं मला वाटलं. मी हात धरला तर तिने माझंच मनगट घट्ट पकडलं आणि तिच्या पावरी बोलीत काहीतरी पुन्हा पुन्हा विचारायला लागली. मला त्यातलं काही कळेना. इतकी वर्षं या जिल्ह्यात नोकरी केली आणि तिच्या चार शब्दांना उत्तर देता येईना. मी खाली बोट दाखवलं, झोळी हलवल्यासारखे हात हलवले, हसून दाखवलं. ती उठली.

खरं तर उठल्यावर तीच मला घेऊन गेली. पानांवरून ती अनवाणी चालत होती आणि एकदाही घसरली नाही. दुसऱ्या फाट्यावर तिने माझी डहाळी चाचपून पाहिली आणि अरुंद वाट धरली. ती वाट वळसा घेऊन सरळ मोहाच्या झाडांखाली निघाली.

सून वाटेवरच उभी होती, मूल कडेवर. म्हातारीने भाकर खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं, मग खांदे, मग हात, मग मुलाचे पाय. काही मोडलंबिडलं नाही ना हे पाहावं तसं. सारखी बोलत होती. सुनेच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, काय म्हणतात?

"म्हणते, दोन्ही वाटा मोकळ्या दिसल्या. सून डहाळी टाकायला विसरणार नाही. म्हणजे तिला काहीतरी झालं. फाट्यापर्यंत पोचलीच नाही. मग माझे पायच उचलेनात."

म्हातारी वाट चुकण्याच्या भीतीने बसली नव्हती. तासभर ती त्या फाट्यावर सुनेसाठी आणि नातवासाठी रडत बसली होती, आणि ते माझ्यामुळे. मला इतकी लाज वाटली की मोहाच्या झाडाला पाठ लावून मी पदरात तोंड खुपसलं.

सुनेने मला हळूच विचारलं, सांगू का हिला कोणी काढली ते? नाही सांगितलं तरी चालेल, म्हणाली. मी म्हटलं, सांग.

तिने सांगितलं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं; ओरडा खायला मी तयार होते. ती रागावली नाही. तिला नवल वाटलं असावं. फडकं सोडून तिने अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली आणि काहीतरी विचारलं. सून जरा संकोचली, मग तिने मराठीत सांगितलं.

"विचारते, तुमच्या घरी पुढं कोणी जात नाही का? तुमच्यासाठी काही ठेवत नाही का वाटेवर?"

माझा फोन पिशवीत होता. तिथे रेंज नव्हती. आदल्या रविवारचे दोन फोटो, एक निघतानाचा आणि एक पोचल्याचा, त्यात न उघडलेले पडून होते.

"जाते," मी म्हटलं. "मुलगी जाते. ती ठेवते. मीच बघत नाही."

सुनेने ते सासूला सांगितलं.