लक्ष लागायच्या कॅप्सूल

विचारलंच आहे तर सांगते, पण चहा अंगावर सांडला तर मला बोलू नका. माझ्याच मूर्खपणाची गोष्ट आहे, आणि कोसाडच्या आमच्या अर्ध्या वसाहतीला ती कळली आहे. तुम्हीच तेवढे राहिलात.

मी इथे सुरतेत, अमरोलीच्या कारखान्यात साडी चेकिंगला जाते. टेबलावरून साडी सरकत जाते, आपण बघायचं. डाग आहे का, धागा निघालाय का, छपाई सरकली आहे का. सोपं वाटतं ना? सकाळपासून उभं राहून बघा एकदा! दुपारनंतर डोळे साडीवर असतात आणि मन नंदुरबारला, माहेरी. गेल्या महिन्यात माझ्या हातून दोन डागी साड्या पुढे गेल्या.

शेठ म्हणाले, "सुनीताबेन, तिसरी गेली तर पॅकिंगला बसायचं."

पॅकिंगला! अकरा वर्षं चेकिंग केलेली बाई मी. आता कालच्या पोरींच्या शेजारी बसून खोक्यांना चिकटपट्टी लावू?

शेजारच्या रेखाभाभीनं यावर उपाय आणला. एक बाटली, वर मेंदूचं चित्र.

"लक्ष लागायच्या कॅप्सूल आहेत. ब्राह्मी आहे यात, अजून बरंच काही आहे. माझ्या भाच्यानं घेतल्या, पास झाला."

"आणि काही त्रास झाला तर?"

"झाडपाल्याचा कसला गं त्रास! हे औषध नाहीच मुळी. बघ, बाटलीवरच लिहिलंय."

लिहिलेलं खरंच होतं. बाकीचं बारीक इंग्रजी मी कशाला वाचत बसते?

खोटं कशाला बोलू, फायदा झाला. पहिल्या दिवशी एक घेतली तर दुपारी चारला मी सकाळी नऊसारखी टवटवीत! टाचणीच्या टोकाएवढा डाग पकडला. शेठ म्हणाले, "वाह बेन!" बस्स. मी हिशेब केला, एका कॅप्सूलनं एवढं, तर चारांनी किती? तिसऱ्या दिवसापासून सकाळी दोन, दुपारी दोन सुरू केल्या. वर रोजचा सहा कप चहा होताच.

सातव्या दिवशी साडी हातात धरली तर साडी थरथरायला लागली. म्हटलं पंखा जोरात आहे. पंखा बंद होता! माझेच हात कापत होते. छातीत तर अशी धडधड, जसा काही आत कापड विणायचा लूमच बसवलाय. घाम फुटला, मी खाली बसले. बायका जमल्या. कोणी कांदा हुंगवला, कोणी दृष्ट काढली. शेठनी आमच्या ह्यांना फोन लावला.

हे लूमच्या कारखान्यातून अंगावरच्या बनियनवरच धावत आले. कॉलेजातून मुलगी आली, प्रियांका. मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी नाडी बघितली, भुवया वर केल्या. "बेन, कोई दवा चालू छे?"

"ना साहेब."

पुढचं ते गुजरातीतच बोलले, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

"बीपीची? थायरॉइडची?"

"काहीच नाही."

"आठवून सांगा. एखादी गोळी, काही पण?"

"साहेब, मी औषधाच्या वाटेलाच जात नाही," मी छाती फुगवून सांगितलं, तीच धडधडणारी छाती!

"मग ईसीजी काढावा लागेल."

ईसीजी! आमच्या चुलतसासऱ्यांचा काढला होता, ते परत घरी आले नाहीत. मला खाटेवर निजवलं, हातापायाला चिमटे लावले. मी छताकडे बघत मनात सगळ्यांचा निरोप घेतला. शेजारी हे उभे होते, स्वतःच्या छातीवर हात ठेवून. चेहरा पांढराफटक.

"तुले काय व्हयी ऱ्हायनं वं?" हे आमच्या अहिराणीत म्हणाले. "तुन्ही काळजीमा मन्ही बी छाती धडधडी ऱ्हायनी."

माझे डोळेच भरून आले. लग्नाला बावीस वर्षं झाली, असं वाक्य ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, आता मेले तरी चालेल.

मी प्रियांकाला जवळ बोलावलं. "बेटा, माझ्या पर्समध्ये बाटली आहे. अजून अर्धी शिल्लक आहे. फेकू नको हं, तू परीक्षेला घे."

डॉक्टर गर्रकन वळले. "कुठली बाटली?"

प्रियांकानं काढून दिली. त्यांनी बारीक अक्षरं वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

"मी तीनदा विचारलं ना तुम्हाला!"

"साहेब, तुम्ही दवा विचारली. ही दवा नाही, वरच लिहिलंय."

"ह्यात कॅफीन आहे, चहा-कॉफीत असतं ते. एका कॅप्सूलमध्ये दोन-तीन कप कॉफीइतकं. रोज किती घेत होता?"

"चार."

"इथे एक लिहिलीय!"

"मला वाटलं, ते साधारण माणसांसाठी."

नर्स तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. ईसीजीत ठोके जोरात होते, बाकी दोष काही नव्हता. डॉक्टर म्हणाले, तरतरी आली ती बहुतेक कॅफीनची, ब्राह्मीचं मला ठाऊक नाही. झाडपाला म्हणून बिनधास्त घ्यायचं नाही, बीपी असेल, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, तर आधी विचारायचं. आणि डॉक्टरनं विचारलं की पोटात जे जे जातं ते सगळं सांगायचं.

मग बाटलीचं झाकण लावता लावता त्यांनी सहज विचारलं, "घरात अजून कोणी नाही ना घेत?"

मी पुन्हा छताकडे बघायला लागले.

"मम्मी?" प्रियांका म्हणाली.

आता तुमच्यापासून काय लपवू? हे माझ्या प्रत्येक बोलण्याला नुसतं "हं" म्हणतात. म्हटलं, माझं लक्ष लागतं तर ह्यांचंही लागू दे. पाच दिवस रोज सकाळी दोन कॅप्सूल फोडून मी ह्यांच्या चहात टाकत होते. साखर जास्त घालून.

"साहेब," मी हळूच म्हणाले, "ह्यांचाही ईसीजी काढा."

ह्यांनी छातीवरचा हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी जन्मात विसरणार नाही. मी उतरल्यावर मुकाट्यानं माझ्याच खाटेवर आडवे झाले. नर्सनं तेच चिमटे लावले. सुदैवानं त्यांचंही सगळं ठीक निघालं, थोडे ठोके जोरात, बाकी काही नाही.

बावीस वर्षांत माझ्यासाठी एकदा ह्यांचं काळीज धडधडलं होतं हो. तेही मीच चहात कालवलेलं निघालं.