बारा जणांचे पाय

रावसाहेबांनी माझ्या आईच्या पायांकडं पाहिलं आणि हात मागं घेतला.

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, आदली संध्याकाळ. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आमच्या नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीत त्या दिवशी मुख्य पंच गरिबांतल्या बारा जणांचे पाय धुवायचे. मुख्य पंच रावसाहेब. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. जुन्या जातीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, पण त्यांच्या घरातल्या पाण्याच्या हंड्याला ती ठाऊक होती. बारा जण मात्र दर वर्षी महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. माझ्यासारखे. त्यांना गोळा करून आणायचं काम माझं. मी मंडळीचा प्रचारक.

आणखी एक काम होतं. ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. बारा जणांना आधी विहिरीवर नेऊन साबणानं पाय धुवून आणायचे. धुतलेले पायच रावसाहेब धुवायचे. वरून पाण्याची धार, अंगठ्याला बोटाचं टोक. मग घरी जाऊन आंघोळ. बंब आधीच पेटवलेला असायचा. आमच्यातला एक म्हातारा म्हणायचा, "पाय आपलं, अन् आंघूळ त्यांची. चला, कोनाचं तरी अंग धुतलं." आम्ही हसायचो. मीही.

त्या वर्षी बारावा माणूस तापानं पडला. ऐन वेळी मी आईला बसवलं. ती सणासाठी निफाडकडच्या आमच्या गावाहून चालत नुकतीच पोचली होती. जन्मभर अनवाणी. तिला विहिरीवर न्यायला वेळच मिळाला नाही.

रावसाहेब हळूच, पण पुढच्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो प्रचारक, हे काय बसवलंत? घासून आणा."

हे. आई नाही, बाई नाही. हे.

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या पुस्तकात डोळे खुपसले. मी आईचा दंड धरला आणि तिला उठवलं.

विहिरीजवळच्या दगडावर तिचा पाय ठेवून मी विटकरीनं घासायला लागलो. भेगांतली माती कैक वर्षांची. निघेना. मी जोर केला.

"धुनार ते हायेत ना रं? मग तू कशापायी घासतोस?"

"आई, देवापुढं नम्र व्हावं लागतं."

"मी नम्रच हाय की. सोड पाय. लय दुखतंय."

मी सोडला नाही. रक्त आलं तेव्हा थांबलो. आणि हे आज पहिल्यांदा लिहितोय. मला राग आला होता तो आईचा. रावसाहेबांचा नाही. आईचा.

ती आत आली नाही. "तू जा. तुझी नोकरी हाय," म्हणाली, आणि तशीच गावच्या वाटेला लागली. मी आत गेलो. बाराव्या खुर्चीवर मीच बसलो. रावसाहेबांनी धार सोडली. मी आमेन म्हणालो.

ईस्टरनंतरच्या रविवारी उपदेश माझा होता. विषय, नम्रता. लोक म्हणाले, फार छान.

त्याच दिवसांत गोदेकाठी आमचे ख्रिस्ती न झालेले भाऊबंद देवळाच्या दाराशी बसले होते, आत घ्या म्हणून. मार खात होते. रावसाहेब म्हणायचे, "बघा, आपल्यात असलं काही नाही." मी मान डोलवायचो.

वर्ष गेलं. रावसाहेबांनी मला ओट्यावर बोलावलं. मी खाली उभा.

"या खेपेला जरा बऱ्या पायांची माणसं आणा. मागच्या वेळी फार ओशाळल्यासारखं झालं मला."

मला, म्हणाले.

वर्षभर न बोललेलं तेव्हा बोललो. "कुणी येणार नाही, रावसाहेब."

"म्हणजे?"

"मळलेले पाय धुवायचे असतील तर महारवाड्यात या. आमच्या विहिरीवर, आमच्या हातचं पाणी घ्या. खाली बसा."

"प्रचारक, नम्रता विसरलात तुम्ही."

"तुमच्यापुढं वाकत होतो ती भीती होती. पगाराची. नऊ वर्षं मी तिला देवाचं नाव दिलं."

नोकरी गेली. मंडळीनं दिलेली खोलीही. पाळकसाहेब येऊन म्हणाले, "माफी मागा, मी शब्द टाकतो." माफी मागायची होतीच मला. पण त्या ओट्यावर नाही.

गावी गेलो. आई भाकरी थापत होती. सगळं सांगितलं. तिचा राग आला होता, तेसुद्धा. तिचा हात थांबला नाही. तव्यावरची भाकर उलटून म्हणाली, "मला सांगून काय व्हनार? ज्यांना ज्यांना तू असं वाकाया शिकिवलंस, त्यांना जाऊन सांग." माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

आता तेच करतो. सकाळी गुडघे टेकतो. देवापुढं मी खाली आहे आणि खालीच राहीन; मी काय केलं ते त्याला माहीत आहे. उठलो की चालू लागतो. ज्या ज्या वस्तीत उपदेश केला, तिथं उभं राहून सांगतो: मी तुम्हाला खोटं शिकवलं. गुडघे टेकायचे ते देवापुढं. माणूस वाका म्हणाला तर ताठ उभे राहा.

परवा एका वस्तीत आपलेच लोक म्हणाले, "पगार गेला म्हनून बोंबलतोय ह्यो." हाकलून दिलं मला.

उद्या तिथंच जाणार आहे.