मरळच्या खवल्यातली भेग

नजर लागणं, मंतरलेला धागा... असलं काही घरात कुणी बोललं तरी मी उठून जायची. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

यवतमाळच्या एका कॉलेजात मी माशांच्या पेशींवर संशोधन करते. खवल्यांत हाड घडवणाऱ्या पेशी असतात. त्या काचेच्या बशीत वाढवल्या की कॅल्शियमचा पातळ थर धरतात. लाल रंग टाकला की तो दिसतो. माणसाचं हाड कसं भरून येतं, याचा अंदाज त्यावरून घ्यायचा.

या वेळचे मरळ मासे माझ्या अब्बांनी आणून दिले होते. दिग्रसहून, पाण्याच्या कॅनमध्ये, एसटीने. तिथे त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे.

त्या दुपारी पहिली बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली. लाल थराच्या मधोमध एक तिरकी, कोरी भेग! वाटलं, पिपेटचं टोक घासलं असेल. दुसरी बशी... तीच भेग, तशीच तिरकी. तिसरी – तीच. पेशी जिवंत होत्या, पण भेगेच्या काठाशी येऊन थांबलेल्या.

गाइड मॅडमना बोलावलं. त्यांनी तिन्ही बशा एकेक करून तपासल्या.

"बशाच खराब असतील," त्या म्हणाल्या. पण त्याच पाकिटातल्या बशांत लॅबमधल्या मैत्रिणीने दुसऱ्या माशांच्या पेशी वाढवल्या होत्या. तिचा थर अगदी सलग.

का कुणास ठाऊक, एकदम अब्बा आठवले. फोन लावला.

"अब्बा, कुठे दुखतंय का तुम्हाला?"

"कमर दुखून राह्यली जराशी. तुले कोनं सांगतलं?" मागे साखळीचा खणखणाट. "थांब बेटा, इंजिन उतरवतो न् मंग बोलतो."

"नका! हातसुद्धा लावू नका त्याला!" मी लॅबमध्येच ओरडले.

"काहून? काय झालं?"

मी रडायलाच लागले. त्या रडण्याला घाबरून ते थांबले.

माझा भाऊ त्यांना एक्स-रेला घेऊन गेला. मांडीच्या हाडाला, खुब्याजवळ, तिरकी बारीक भेग. डॉक्टर म्हणाले, "ओझं उचललं असतं तर हाड तुटून सरकलं असतं."

ऑपरेशन झालं. अब्बा आता काठी घेऊन चालतात.

मॅडम म्हणतात, कंबर दुखतच होती, योगायोग असेल. असेलही. पण त्या बशांचं काय? त्याच माशांच्या खवल्यांवर तोच प्रयोग मी पुन्हा पुन्हा केला. भेग परत कधीच आली नाही.

"तुले कसं समजलं होतं बेटा?" अब्बा अजूनही विचारतात.

मी खरं तेच सांगते – मलाही माहीत नाही.