उतारावरची किल्ली

गाड्यांच्या अड्ड्यावर त्याला थेंब्या म्हणत. पंपावर डिझेल भरून झालं की नळी झटकून शेवटचा थेंब टाकीत पाडल्याशिवाय तो झाकण लावायचा नाही. चाकांत हवा जरा कमी वाटली तर भाडं ताटकळत ठेवील, पण गाडी हलवणार नाही. ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचा, जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात फिरवतोय.

फरशीवाल्या शेठच्या दोन पिकअप होत्या. एक थेंब्याकडे, दुसरी त्याच्या मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या पाठच्या भावाकडे. त्याला गाडी शिकवली थेंब्यानंच. धंदा बसला तसा शेठ म्हणाला, "एक गाडी विकून टाकतोय. ज्याचं ॲव्हरेज चांगलं तो राहील. दुसऱ्यानं आपलं बघावं."

मेहुणा हसत म्हणाला, "दाजी, तुम्ही तर गाडीला उपाशीच पळवता. मी कुठं पुरा पडणार? काय करता ते सांगा की."

"काही नाही रे. पाय हलका ठेव."

एवढंच सांगितलं. खरी मेख वेगळीच होती. खाणीपासून नदीच्या पुलापर्यंत लांबलचक उतार. तिथं थेंब्या गाडी न्यूट्रलला टाकून किल्ली फिरवायचा. इंजिन गप्प, भरलेली गाडी आपली घरंगळत खाली. इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोर दोन-तीनदा दाबण्यापुरता उरतो, मग पेडल दगड होतं, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून तो एकदाच दाबायचा आणि दाबलेला पाय उचलायचा नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून हातात काय राहिलं असतं?

एक दिवस मेहुणा उताराच्या कडेला गाडी लावून मालाची दोरी आवळत होता. शेजारून दाजींची गाडी गेली, मांजराच्या पावलानं. त्याला कळायचं ते कळलं. संध्याकाळी बहिणीकडे जेवायला बसला तेव्हा दाजींकडे बघून नुसता गालात हसला. "दाजी, आता बघाच!"

थेंब्यानं ते हसू ओळखलं. तोंड उघडलं, घास घातला आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं उतारावर किल्ली फिरवली. ब्रेक मात्र सवयीनं दाबत-सोडत राहिला. पुलाच्या कठड्याला गाडी धडकली आणि मागची फरशी केबिन फोडून पुढं आली. त्याला बाहेर काढायला पत्रा कापावा लागला. काढला तेव्हा अंग गार पडलं होतं.

गाडीचा सांगाडा गॅरेजात आणला. मिस्त्रीनं आत डोकावून कपाळावर हात मारला. "किल्ली बंद. कुणी शिकवलं हे याला?"

थेंब्या वाकडं झालेलं स्टिअरिंग चाचपत राहिला.

"अरे, उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडायचा. चाकंच इंजिन फिरवतात, पंप थेंबभर डिझेल देत नाही. किल्ली बंद करून वाचवलं काय यानं? कपाळ?"

"तू गप रे, शहाण्या," थेंब्या खेकसला. "इतकी वर्षं काय झक मारली मी?"

पण दुसऱ्या खेपेपासून त्यानं उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली. इंजिन खालपर्यंत घोंघावत आलं. ॲव्हरेज पडावं, चांगलं सपाटून पडावं, असं त्याला मनातून वाटत होतं. त्याच संध्याकाळी शेठनं दिवसभराचा हिशेब मांडला आणि म्हणाला, "तेवढंच आहे रे. शाब्बास. आता गाडी तुझीच समज."

थेंब्याचं घर पुलाच्या अलीकडेच. बायको दारात उभी होती. भाऊ गेल्यापासून ती मोजकंच बोलायची.

"आज उतारावरून गाडीचा आवाज आला तुमच्या."

"हं."

"आधी कधी येत नव्हता."

तो वाकून चपला काढत राहिला. पट्टा निघता निघेना.

"त्याला तुम्ही शिकवलं होतं का ते?"

"नाही," तो म्हणाला. हे मात्र अगदी खरं होतं.