काळ्या रेक्झिनची पाचर

आठ वर्षांपूर्वी कराडच्या एका दवाखान्यात मी डॉक्टरांशी खोटं बोललो. बोलताना विचारही करावा लागला नाही, इतकं ते पटकन तोंडातून आलं. त्या खोट्यामुळं माझ्या नातीचं आजवरचं आयुष्य वेगळ्या वाटेनं गेलं. आता माझं वय झालं आहे आणि ते माझ्याबरोबर जाऊ नये असं वाटतं, म्हणून घडलं तसं लिहितो.

तासगावात मी चाळीस वर्षं कुशनचं काम केलं. ट्रॅक्टरच्या सीटा, जीपचे बाक, टेम्पोचे पडदे. द्राक्षाचा माल निघायच्या आधी बागायतदारांची घाई असायची. एक गिऱ्हाईक दरवर्षी यायचं आणि दुकानाच्या पायरीवरूनच ओरडायचं, "मिस्तरी, औंदा जरा कडक सीट करा. गेल्या साली इतकी मऊ केलीसा की ट्रॅक्टर चालवता चालवता घोरायला लागलो." मी म्हणायचो, "घोरत असला तर घरी झोपा की गड्या, रानात कशाला जाता?" माणूस बसला की त्याचा भार कुठं येतो, पाठ कुठं वाकते, हे मला नुसतं बघून कळायचं. त्याचा मला गर्व होता.

अपघात झालेल्या गाड्याही यायच्या. पोलिसांचं काम संपलं की मालक आधी पत्रा ठोकून घ्यायचा आणि मग गाडी माझ्याकडं यायची. जुनं रेक्झिन सोलून काढताना बाकाच्या फटीत काय काय सापडायचं. चष्म्याची काडी, बांगडीचे तुकडे. एकदा पुढच्या सीटच्या फटीत लहान बाळाचा चांदीचा वाळा सापडला. गाडी घेऊन आलेल्या माणसाला मी तो दाखवला. त्यानं मान फिरवली. म्हणाला, "ठेवा तुमच्याकडंच. आईला दावू नका. मांडीवर होतं."

तेव्हापासून कुणी गाडीत बाळ मांडीवर घेऊन बसलं की मी हटकल्याशिवाय राहत नाही.

म्हणून माझ्या सुनेनं पहिल्या बाळंतपणात बाळासाठी गाडीतली वेगळी सीट घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात तिच्या बाजूनं बोलणारा मी एकटाच होतो. माझी बायको म्हणाली, "लेकराला खुर्चीला बांधून न्यायचं? माजी मांडी काय भाड्यानं दिलीया?" मी तिला गप्प केलं.

नात मिरजेत जन्मली. लांबच लांब पोर. माझी उंची तिच्यात उतरली होती. माझ्या घरात सगळेच ताडमाड. अडीच महिन्यांची असताना तिला सहा महिन्यांच्या बाळाचे कपडे लागायचे. बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "बसायला लागली असंल नव्हं?" आणि मी छाती फुगवून सांगायचो, "आवो, अजून मान बी धरली न्हाई."

हे वाक्य मी माझ्या तोंडानं कितीतरी वेळा बोललो होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

ती सीट तोंड मागं करून बसवायची होती, चांगली कललेली, जवळजवळ निजल्यासारखी. बाजूला एक रेघ होती, ती जमिनीला समांतर यायला हवी. सुनेनं पुस्तिका वाचून सगळं नीट केलं. पण कललेल्या सीटला जागा फार लागते. तिच्यापुढची, म्हणजे ड्रायव्हरशेजारची सीट पार पुढं सरकवावी लागली. त्या सीटवर मी बसायचो. मिरजेहून तासगावपर्यंतच्या तासाभरात माझे गुडघे डॅशबोर्डला घासत राहिले. जमिनीवर बसून शिवणकाम केल्यानं उजवा गुडघा आधीच गेलेला. पाच दिवसांनी बाळाला घेऊन साताऱ्याला मुलाच्या घरी जायचं होतं. तीन तासांचा रस्ता.

मी मागं बसू शकत होतो. बायको ठेंगणी आहे, तिला पुढं बसवता आलं असतं. पण गाडीत पुढं बसायचं ते मी, हे घरात इतकं ठरलेलं होतं की त्यावर कधी बोलणंही झालं नव्हतं. गुडघा दुखतो असं सांगायलाही मला कमीपणा वाटला.

मी दुकानात कडक फोमची एक पाचर कापली. चार बोटं उंच, एका बाजूला निमुळती. तिच्यावर सीटशी जुळणारं काळं रेक्झिन चढवलं. शिवण इतकी बारीक घातली की ती कंपनीतूनच आल्यासारखी दिसावी. निघायच्या सकाळी मीच सीट बसवली आणि तिच्या पुढच्या, म्हणजे बाळाच्या डोक्याकडच्या, काठाखाली पाचर सारली. बाळाची सीट ताठ उभी राहिली. माझी सीट वीतभर मागं गेली. मनाला सांगितलं, एवढी लांब पोर आहे, बसेल की.

सून बाळाला घेऊन आली. पट्टे लावताना थांबली. "मामा, जरा उभी वाटते का हो?"

"गाडी चढावर हाय," मी म्हणालो. "रस्त्याला लागली की होईल सरळ."

आमच्या दारात चढ नाही. ती नवी आई, बाळाच्या जागरणानं डोळे सुजलेली. मी चाळीस वर्षं सीटा केलेला माणूस. तिनं विश्वास ठेवला.

कडेगाव मागं पडलं तेव्हा ऊन वर आलं होतं. उसाच्या ट्रॉल्या पुढं चाललेल्या, गाडी हळू. सुनेचा डोळा लागला होता. बायको मागून म्हणाली, "आवं, बगा तरी, किती शांत झोपलीया." मी म्हणालो, "झोपू दे." पाय लांब करून मी बाहेर बघत होतो. मला छान वाटत होतं, हेही लिहिलं पाहिजे.

मग सून किंचाळली.

मुलानं गाडी कडेला घेतली. मी मागं वळलो. बाळाची हनुवटी छातीत रुतली होती. ओठ जांभळाच्या सालीसारखे. सुनेनं पट्टे कसे सोडले कुणास ठाऊक, बाळाला उचलून तिनं छातीशी धरलं, पाठ चोळली, तळपाय चोळले, नावानं हाका मारत राहिली. शेजारून ट्रॉल्या जात होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बाळानं घशातून एक आवाज काढला, फाटक्या भात्यासारखा, आणि रडायला लागलं. त्याच क्षणी पाचर आठवली, आणि बाळाच्या जिवाच्या भीतीशेजारी दुसरी भीती येऊन बसली. ती मात्र माझ्या स्वतःसाठी होती.

कराडच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "सीट किती सरळ होती? मान पुढं पडली होती का?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"आडवीच होती, साहेब," मी म्हणालो. "मी स्वतः बसवली. मान बी सरळ होती."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मान पडली नव्हती तर मग कारण दुसरं कुठंतरी शोधायला हवं. मुलगा कागदांवर सह्या करत होता तेव्हा मी आवारात गेलो, गाडीतून पाचर काढली आणि धोतराच्या पिशवीत तळाशी घातली. वर धोतर दाबून पिशवीची नाडी आवळली.

तिथून आम्हाला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. चार दिवस. एवढ्याशा हातांना सुया. हृदय तपासलं, डोकं तपासलं. काही सापडलं नाही. सापडणार कसं, ते माझ्या पिशवीत होतं. फाईलवर लिहिलं गेलं: कारण समजले नाही. लक्ष ठेवावे.

बायकोनं कारण शोधून ठेवलं होतं. "त्या खुर्चीनं घात केला. आन आई शेजारी बसून झोपती!" सीट माळ्यावर गेली.

त्या 'लक्ष ठेवावे'नं पुढची आठ वर्षं खाल्ली. नातीला साधा ताप आला तरी दवाखाना. शाळेत पळायची स्पर्धा असली की ती मैदानाच्या कडेला बाईंच्या खुर्चीजवळ बसते. लांब पायांची पोर, आणि तिला पळू देत नाहीत. झोपेत तिच्या छातीवर हात ठेवून बघायची सवय सुनेला लागली, ती अजून सुटलेली नाही. मी हे सगळं बघत होतो. दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. मी सांगितलं तर ही पोर पुन्हा माझ्या हातात कुणी देणार नाही, एवढीच भीती होती. घरचा फोन वाजला की वाटायचं, आज कळलं.

यंदा नातू झाला. पुन्हा मिरजेत, आणि पुन्हा तसाच लांब. तीन महिन्यांचा झाल्यावर साताऱ्याला न्यायचा ठरला. मुलगा म्हणाला, सांगलीतून नवी सीट घेऊ. सून म्हणाली, "नको. मी मांडीवर घेईन."

"अगं, हायवेला..."

"एकदा सीटमध्ये ठेवून बघितलं ना मी? मांडीवर घेईन म्हटलं."

मुलानं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला तो वाळा आठवला. अजूनही तो माझ्या टाचण्यांच्या डब्यात आहे. तिला सीटची भीती वाटते ती माझ्यामुळं. आणि आता बाळ मांडीवर जाणार होतं तेही माझ्यामुळंच. फोमच्या कात्रणांच्या पोत्यातून मी पाचर शोधून काढली, पिशवीत घातली आणि सांगलीची एसटी धरली.

सांगलीतल्या सीटच्या दुकानात सून बाळाला घट्ट धरून दाराशीच उभी होती. मुलाच्या आग्रहाखातर आलेली. दुकानातली मुलगी हुशार होती. तिनं बाळाची लांबी मापली आणि म्हणाली, "लांब बाळाला पाठ उंच असलेली सीट बघायची. डोक्याच्या वर सीटचा काठ उरला पाहिजे. पाय दुमडले तर दुमडू देत, त्यानं काही होत नाही. पण अजून पूर्ण कललेलीच ठेवायची हं. नुसतं लांब आहे म्हणून बाळ काही मान लवकर धरत नाही." एक सीट तिनं बाहेर आमच्या गाडीत बसवून दाखवली. रेघ समांतर आली.

"मागच्या वेळीही अशीच होती," सून म्हणाली. "तरी झालं."

"न्हवती," मी म्हणालो.

मी पिशवीतून पाचर काढली आणि सीटच्या पुढच्या काठाखाली सारली. सीट उभी राहिली. रेघ तिरकी झाली. मी सगळं सांगितलं. गुडघा, रेक्झिन, डॉक्टर, पिशवी. गाडीच्या टपाला धरून उभा होतो.

मुलगा रस्ता ओलांडून चहाच्या गाड्यापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. दुकानातली मुलगी आत निघून गेली. सून सीटकडं बघत होती.

"गाडी चढावर आहे म्हणालात," ती म्हणाली.

"व्हय."

"मी आठ वर्षं म्हणते आहे, मी झोपले म्हणून."

तिनं वाकून पाचर ओढून काढली आणि बाळाच्या दुपट्यांच्या पिशवीत ठेवली. मग सीट पुन्हा कलती केली, रेघ दोनदा तपासली. मी मदतीला हात पुढं केला.

"हात लावू नका, मामा."

बाळाला तिनं स्वतः ठेवलं, पट्टे लावले. सगळं झाल्यावर ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. "तुम्ही मागं बसा. त्याच्याकडं बघत. झोपायचं नाही."

सांगलीहून तासगाव-कडेगावच्या रस्त्यानं साताऱ्यापर्यंत मी त्या बाळाची हनुवटी बघत होतो. बाहेर काय गेलं मला माहीत नाही. थोड्या थोड्या वेळानं पुढून आवाज यायचा, "हनुवटी?"

"वर हाय."

बाळ झोपलं. श्वास दिसेना म्हणून मी नाकापाशी बोट धरलं; श्वास बोटाला लागला; बोट काढलं की पुन्हा भीती. डोळ्यांत पाणी आलं तरी पुसलं नाही, तेवढ्यात मान पडली तर? कडेगावच्या पुढं तिनं विचारलं नाही. गाडी कडेला घ्यायला लावली, उतरून मागचं दार उघडलं आणि स्वतः बघितलं. मग दार लावून पुन्हा पुढं बसली. मुलाच्या मानेवरच्या शिरा ताठ झालेल्या मला मागून दिसत होत्या. तो अजूनही माझ्याशी बोललेला नाही.

साताऱ्यात घरी पोचल्यावर मी तिला म्हणालो, मिरजेच्या डॉक्टरांना मी येऊन सांगतो.

"तोंडी नको," ती म्हणाली. "लिहून द्या. तिच्या फाईलला लावायचं आहे."

फाईलसाठी अर्धं पान पुरलं. सीट सरळ होती, मान पुढं पडली होती, मी खोटं बोललो, खाली सही. साताऱ्यात आजीजवळ राहिलेल्या नातीनं तो कागद हातात घेतला, अक्षर लावून वाचला, आणि आईला विचारलं, "म्हणजे मला काहीच झालेलं नव्हतं?" सून म्हणाली, "डॉक्टर काय म्हणतात ते बघू." माझ्याकडं नातीनं बघितलं नाही. उरलेलं हे मी इथं लिहिलं.

सोमवारी मिरजेला जायचं आहे. डॉक्टर मला काय काय विचारतील ते मनात घोळवत बसतो. बाळही बरोबर येणार आहे. मी मागं बसणार आहे.